मनोऱ्यावरील हौशी रेडिओ अँटेनांची चढवणी व उतरवणी

मनोऱ्यावरील अँटेनांची चढवणी व उतरवणी म्हणजे हौशी रेडिओ (हॅम रेडिओ) केंद्राच्या मनोऱ्यावर मोठ्या आकाराच्या दिशिक अँटेना वर नेऊन बसवणे आणि दुरुस्तीसाठी किंवा कायमच्या खाली आणणे होय. दूरचित्रवाणी व मोबाइल कंपन्यांच्या मनोऱ्यांवर हे काम व्यावसायिक पथके करतात. हौशी रेडिओत मात्र ते बहुतेक वेळा केंद्राचा मालक व त्याचे मित्र मिळून, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या साधनांनी करतात. त्यामुळे या छंदातील सर्वांत धोकादायक भाग प्रक्षेपकातील उच्च विद्युतदाब नसून मनोऱ्यावरील काम हा आहे, असे अनुभवी हौशी प्रक्षेपक मानतात. अमेरिकेतील हौशी रेडिओ परवान्याच्या सर्वांत प्राथमिक परीक्षेतही मनोऱ्यावर चढणे, गिनपोलचा उपयोग, ताणतारांची सुरक्षितता आणि वीजवाहिन्यांपासूनचे अंतर या विषयांवर प्रश्न विचारले जातात.

अँटेनांचे आकारमान

हौशी केंद्रांवरील मोठ्या अँटेना प्रामुख्याने यागी-उदा प्रकारच्या असतात. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनी १९२०च्या दशकात ही रचना विकसित केली. तिच्यात बूम नावाच्या मधल्या लांब नळीवर आडव्या दांड्या (एलिमेंट) बसवलेल्या असतात. दांडीची लांबी साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढी असल्यामुळे वारंवारता जितकी कमी तितकी अँटेना मोठी. १४ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात दांडी सुमारे १०.५ मीटर, ७ मेगाहर्ट्‌झवर सुमारे २१ मीटर आणि ३.६ मेगाहर्ट्‌झच्या आसपास जवळजवळ ४१ मीटर भरते. दांड्यांत वेटोळी घालून त्यांची लांबी कमी करता येते. अनेक हौशी केंद्रे ७ मेगाहर्ट्‌झसाठी अशाच आखूड केलेल्या अँटेना वापरतात.

वजनाचा विचार करता या अँटेना फसव्या असतात. तीन पट्ट्यांवर चालणारी मध्यम आकाराची यागी दोन माणसे जमिनीवर सहज उचलतात. परंतु हेच ओझे दहा-बारा मीटर रुंदीचे, लवचिक आणि वाऱ्याला संपूर्ण उघडे असते, आणि ते मनोऱ्याच्या तिरप्या ताणतारांच्या जाळ्यातून वर न्यावे लागते. त्यामुळे वजन पेलण्यापेक्षा पसारा सांभाळणे अवघड जाते. क्वाड या दुसऱ्या लोकप्रिय प्रकारात हा प्रश्न आणखी तीव्र होतो. इक्वेडोरमधील क्वीटो येथील एचसीजेबी या नभोवाणी केंद्रावर क्लॅरेन्स मूर यांनी १९४०च्या दशकात ही अँटेना विकसित केली. विरळ हवेत यागीच्या दांड्यांच्या टोकांशी विद्युत विसर्ग होऊन ती जळत असत; तारेच्या बंद चौकटीने हा दोष दूर झाला. क्वाड वजनाने हलकी असली तरी ती लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही दिशांना पसरलेली असल्याने अखंड वर नेणे कठीण असते. म्हणून पुष्कळदा ती मनोऱ्याच्या माथ्याशीच जोडली जाते.

भाराचे गणित

मनोऱ्याच्या माथ्यावर एक कप्पी बांधून दोराने ओझे वर ओढले, तर कप्पीच्या टांगणीवर केवळ ओझ्याचे वजन येत नाही. दोराचे एक टोक ओझे धरून असते आणि दुसरे टोक ओढणारे तितक्याच जोराने खाली खेचत असतात. अर्थात ४० किलोच्या अँटेनासाठी वरची टांगणी सुमारे ८० किलोचा भार पेलते आणि घर्षण धरल्यास त्याहून थोडा अधिक. ही साधी बाब विसरल्यामुळे एखादी पातळ पट्टी किंवा जुना आकडा वापरला जातो आणि तेथेच तुटतो.

मनोऱ्याच्या पायाशी दुसरी कप्पी बसवून दोर जमिनीला समांतर वळवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिचे कारण भाराशी जितके निगडित आहे तितकेच ओढणाऱ्यांच्या जिवाशी. ही कप्पी नसेल तर ओढणारे मनोऱ्याच्या बुंध्याशी, थेट ओझ्याखाली उभे राहतात, किंवा दूर उभे राहून वरच्या कप्पीला तिरका ओढा देतात आणि तिचा खांब वाकवतात. पायाची कप्पी असल्यास ओढणारे पंधरा-वीस मीटर दूर राहतात आणि वरचा दोर मनोऱ्याला समांतर राहतो. या कप्पीवर दोर काटकोनात वळत असल्याने तिच्या टांगणीवर दोरातील ताणाच्या सुमारे १.४ पट भार येतो. तो वरच्या व बाहेरच्या दिशेने असल्यामुळे ती मनोऱ्याच्या पायाला पक्की जखडावी लागते. बागेतल्या खुंटीला ती बांधणे पुरेसे नसते.

तारेवरून अँटेना नेण्याच्या पद्धतीत (ट्राम) गणित याहून अनपेक्षित ठरते. ताणलेल्या तारेच्या मध्यावर ओझे टांगले असता तारेतील आडवा ताण ढोबळमानाने वजन गुणिले अंतर, भागिले झोकाची चौपट इतका असतो. दोन टोकांमधील अंतर ४० मीटर, ओझे ४० किलो आणि मध्यावरील झोक २ मीटर असेल, तर ताण सुमारे २०० किलो येतो. तार घट्ट करून झोक १ मीटरवर आणला तर तोच ताण ४०० किलोंवर जातो. तार जितकी कडक तितकी व्यवस्था भक्कम, हा सर्वसामान्य समज येथे नेमका उलटा ठरतो. हा सगळा ताण मनोऱ्यावर उभ्या असलेल्या मास्टला (अँटेना ज्याला जोडली जाते त्या उभ्या नळीला) एका बाजूला वाकवत असतो. म्हणून मास्टला विरुद्ध दिशेने तात्पुरता ताण दिल्याशिवाय ट्रामची तार कसली जात नाही.

साधने

दोर निवडताना त्याच्या तुटण्याच्या मर्यादेचा पाचवा ते दहावा हिस्साच कामाचा भार म्हणून धरण्याची पद्धत आहे. गाठ मारल्याने दोराची ताकद लक्षणीय कमी होते. उन्हात व घासून ती आणखी घटते. पॉलिएस्टरचे गुंफलेले दोर कमी ताणले जातात आणि उन्हात बरे टिकतात. नायलॉन ताणला जाऊन रबरासारखी ऊर्जा साठवतो. झटका शोषायला हा गुण चांगला, पण ओझे बोटभर अंतराने हलवून बोल्टच्या भोकाशी जुळवायचे असते तेव्हा तोच त्रासदायक ठरतो. बाजारात स्वस्त मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा रंगीत दोर सूर्यप्रकाशात कुजतो व त्याच्या गाठी घसरतात. काथ्याचा दोर या कामासाठी वापरला जात नाही.

लोखंडी तारदोराचे टोक क्लिपांनी पक्के करताना क्लिपेचा खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या बाजूवर आणि यू आकाराचा बोल्ट मोकळ्या टोकाकडे असावा लागतो. उलट बसवल्यास बोल्ट भार घेणाऱ्या तारेलाच चिरडतो. टर्नबकलमधून सुरक्षातार ओवली जाते, कारण वाऱ्याने होणाऱ्या कंपनांनी ते हळूहळू सैल होते. कप्प्या दोराच्या जाडीला साजेशा लागतात. दोर चाक व खोबणीच्या मध्ये अडकला की वरच्या माणसाला तो हाताने सोडवण्याचा मोह होतो, आणि बोटे तेथेच सापडतात.

चढणारा

मनोऱ्यावर एकट्याने, खाली कोणी नसताना चढणे कोणत्याही परिस्थितीत सुरक्षित मानले जात नाही. जुन्या पिढीतील हौशी प्रक्षेपक कमरेचा चामडी पट्टा वापरत. पडणारा माणूस अशा पट्ट्यावर अडकला तर झटका पोटावर व मणक्यावर येतो किंवा तो पट्ट्यातून निसटतो. अमेरिकेच्या बांधकामविषयक सुरक्षा नियमांनी १ जानेवारी १९९८पासून पडणे रोखण्यासाठी कमरपट्टा अमान्य ठरवला. हे नियम छंद म्हणून केलेल्या कामाला लागू नसले तरी खांदे, छाती व मांड्या यांना एकत्र धरणारा पूर्ण हार्नेस तेव्हापासून हौशी वर्तुळातही रुळत गेला. भारतात अशा पट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हे मानक आहे.

हार्नेसला जोडायच्या दोरांची दोन वेगळी कामे असतात. एक दोर चढणाऱ्याला जागेवर धरून त्याचे दोन्ही हात मोकळे करतो. दुसरा, झटका शोषणारा, केवळ पडल्यावर कामाला येतो. एकावर दोन्हींची भिस्त ठेवणे ही नेहमीची चूक आहे. चढताना दोन आकड्यांचा दोर वापरून एक आकडा अडकवल्याशिवाय दुसरा काढला जात नाही. पहिल्या वीस मीटरवर हे कंटाळवाणे वाटते. ताणतारांच्या जोडणीपाशी, जेथे मनोऱ्याच्या बाहेरून वळसा घालावा लागतो, तेथे त्याचे महत्त्व कळते.

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठते आणि तो थोड्याच वेळात बेशुद्ध होऊ शकतो. त्यामुळे त्याला खाली आणण्याची साधने आणि चढू शकणारा दुसरा प्रशिक्षित माणूस काम सुरू होण्यापूर्वीच जागेवर असणे आवश्यक असते. अग्निशमन दलाला बोलावणे हा त्याचा पर्याय ठरत नाही, कारण अरुंद जाळीदार मनोऱ्यावर शिडीची गाडी दरवेळी पोहोचतेच असे नाही.

२५ मीटर उंचीवरून निसटलेला पाना सुमारे सव्वादोन सेकंदांत, ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो. म्हणूनच अवजारांना दोऱ्या बांधल्या जातात, बोल्ट व वॉशर कापडी पिशवीतून वर पाठवले जातात आणि खालची माणसे हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण घालतात. प्रक्षेपक बंद करून त्याची वायर काढून ठेवली जाते. अँटेना फिरवणाऱ्या मोटरचा (रोटेटर) वीजपुरवठाही तोडला जातो. खाली कोणी चुकून कळ दाबल्यास मास्ट फिरू लागतो आणि त्याभोवती हात घातलेला माणूस अडकतो.

पूर्वपाहणी

मनोऱ्याची पाहणी खालून सुरू होते. ताणतारांचे नांगर (अँकर) जमिनीत जेथे शिरतात त्या ठिकाणी, मातीच्या किंचित खाली, गंज सर्वाधिक असतो आणि वरून दिसत नाही. तो पाहण्यासाठी थोडी माती उकरावी लागते. नळीदार पायांच्या मनोऱ्यांत तळाशी पाणी निचरायची भोके असतात. ती गाळाने बुजली तर पाणी आत साठून नळी आतून खात जाते आणि बाहेरचा जस्ताचा थर मात्र चकचकीत राहतो. जोडांचे बोल्ट, वेल्डिंग, ताणतारांमधील ताण आणि मनोऱ्याचा सरळपणा तपासूनच कोणी वर जातो. पाहणीत शंका उरली तर मनोऱ्यावर न चढता क्रेनने काम करणे हा मार्ग उरतो. खर्चाच्या कारणाने तो बहुधा सर्वांत शेवटी विचारात घेतला जातो.

ताणतारांवर उभा असलेला मनोरा हा तारा काढल्यावर मनोरा राहत नाही. अँटेनाला वाट करून देण्यासाठी वरची एखादी तार ‘पाच मिनिटांपुरती’ सोडण्याचा प्रकार प्राणघातक ठरू शकतो. तार काढणे अपरिहार्य असेल तर त्याच दिशेला तात्पुरती तार आधी लावली जाते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जमिनीवर झुळूक वाटणारा वारा तीस मीटर उंचीवर जोरदार असू शकतो. त्यामुळे चढवणी सामान्यतः पहाटेनंतर लगेच, वारा पडलेला असताना सुरू केली जाते. गडगडाट ऐकू आल्यास अँटेना अर्ध्यावर असली तरी ती दोराने बांधून माणूस खाली उतरवला जातो.

चढवणीच्या पद्धती

गिनपोल हा मनोऱ्याच्या पायाला शिकंजाने धरलेला, माथ्यापेक्षा उंच जाणारा खांब असून त्याच्या टोकावर कप्पी असते. मनोऱ्याचे साधारण ३ मीटर लांबीचे भाग एकावर एक चढवण्यासाठी तो मुळात वापरला जातो. अँटेना माथ्याच्या वर उचलून मास्टवर आणण्यासाठीही तो उपयोगी पडतो. गिनपोल सरळ खालच्या ओढ्यासाठी बनवलेला असतो. अँटेना ताणतारांतून सोडवण्यासाठी खालून बाजूला ओढली की तो बाजूला वाकतो, आणि पोकळ ॲल्युमिनियमची नळी पूर्वसूचना न देता मुडपते. लहान अँटेना गिनपोलने नेता येते. बूम लांब असेल तर दर ताणतारेपाशी तिला तिरके करत, एकेक बाजू सोडवत न्यावे लागते आणि हे काम दोन-तीन तास चालते.

मोठ्या अँटेनांसाठी ट्राम पद्धत अधिक पसंत केली जाते. मास्टवर, अँटेना जेथे बसवायची त्याच्या थोडे वर, एक तारदोर बांधून तो दोन ताणतारांच्या मधल्या मोकळ्या दिशेने जमिनीवरील भक्कम नांगरापर्यंत नेला जातो. हा नांगर मनोऱ्यापासून शक्य तितका लांब असतो. त्यामुळे तारेचा उतार कमी होऊन अँटेना मनोरा व ताणतारांपासून दूर राहते. अँटेना या तारेखाली कप्पीवर टांगून वेगळ्या दोराने वर ओढली जाते. बूम मनोऱ्याला आडवा आणि दांड्या तारेच्या दिशेने ठेवल्यास दांड्यांची टोके मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी सरकत जातात आणि बूम अलगद मास्टला येऊन भिडतो. अँटेना तारेच्या उतारावर कोणत्या कोनात झुकलेली असावी हे जमिनीवरच, डोक्याएवढ्या उंचीवर टांगून ठरवले जाते. वर गेल्यावर ते बदलता येत नाही. सगळे नीट जुळले असेल तर तीस मीटरचा प्रवास काही मिनिटांत होतो. पूर्वतयारीला मात्र अर्धा दिवस जातो, आणि हाच हिशेब योग्य मानला जातो.

दोन्ही पद्धतींत अँटेनाच्या बूमला बाजूने आवर घालणारे दोर (टॅगलाइन) जमिनीवरील माणसांच्या हाती असतात. हा दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळून घेतला जात नाही. वाऱ्याने अँटेना फिरली तर दोर धरणारा ओढला जातो.

झुकवता येणारा मनोरा बिजागरीवर जमिनीकडे आणला जातो, त्यामुळे अँटेना जमिनीवर उभे राहूनच जोडता येते. येथे विंचवर सर्वाधिक भार मनोरा आडवा असताना, म्हणजे उचलण्याच्या पहिल्या क्षणी आणि उतरवण्याच्या शेवटच्या टप्प्यात येतो. १२ मीटर लांब व १५० किलो वजनाच्या मनोऱ्याच्या टोकाला ३० किलोची अँटेना असेल, तर एकूण वजनात तिचा वाटा सहावा हिस्सा असतो, पण बिजागरीभोवतीच्या बलघूर्णात सुमारे २९ टक्के. रिकामा मनोरा सहज उचलला म्हणून अँटेनासह तो उचलला जाईल असे गृहीत धरता येत नाही.

एकात एक सरकणाऱ्या भागांच्या मनोऱ्यात सगळे भाग एका तारदोरावर तोललेले असतात. तार तुटल्यास वरचे भाग आतील आडव्या पट्ट्यांसह कात्रीसारखे खाली येतात आणि त्या पट्ट्यांवर टेकलेले हात-पाय तुटतात. मनोरा पूर्ण खाली आणल्याशिवाय किंवा यांत्रिक अडसर घातल्याशिवाय अशा मनोऱ्यावर चढले जात नाही.

जमिनीवरील माणसे

ओढण्याचे काम माणसांकडूनच करून घ्यावे असे अनुभवी लोक सांगतात. दोर मोटारगाडीला बांधून गाडी पुढे नेणे सोयीचे वाटते. परंतु एखादी दांडी ताणतारेत अडकली तर हाताने ओढणाऱ्याला तो जडपणा तत्काळ जाणवतो. गाडी चालवणाऱ्याला तो जाणवत नाही आणि वरची हाकही ऐकू येत नाही. अशा वेळी बूम वाकतो, नाहीतर दोर तुटतो.

कामाचा एकच म्होरक्या असतो आणि वरच्या माणसाचे शब्द तोच ओढणाऱ्यांपर्यंत पोहोचवतो. थांबण्याची हाक मात्र कोणीही देऊ शकतो आणि ती सगळे मानतात. हाका आधी ठरवून घ्याव्या लागतात. मराठीत ‘सोड’ या शब्दाचा अर्थ हळूहळू सैल कर असाही होतो आणि हातातून सोडून दे असाही. हिंदीतील ‘छोड़ो’चीही तीच गत. ‘वर घ्या’, ‘खाली घ्या’, ‘थांबा’ या एकमेकांशी गोंधळ न होणाऱ्या हाका अधिक सुरक्षित ठरतात. हौशी प्रक्षेपकांकडे हातातले संच असतातच. त्यांना जोडलेला कानातला ध्वनिक्षेपक वापरल्यास चढणाऱ्याचे हात मोकळे राहतात.

उतरवणी

उतरवणी ही चढवणीची उलट क्रिया असल्याचे मानले जाते, पण ती सहसा अधिक अवघड असते. चढवताना अँटेना नवी, बोल्ट तेल लावलेले आणि वजन माहीत असते. उतरवताना पंधरा-वीस वर्षांचा गंज, पक्ष्यांची घरटी, गांधीलमाश्यांची पोळी, वादळाने वाकलेला बूम आणि हरवलेली माहितीपत्रके यांच्याशी गाठ असते. मूळ मालक हयात नसतो आणि कुटुंबीयांना जागा मोकळी करून हवी असते, असेही पुष्कळदा घडते. घाईने काम करण्याची वेळ अशाच ठिकाणी येते.

येथील मुख्य नियम क्रमाचा आहे. अँटेनाचा संपूर्ण भार दोराने उचलून घेतल्याची खात्री झाल्यावरच तिचे शेवटचे बोल्ट काढले जातात. दोर अँटेनाच्या तोलबिंदूच्या वर बांधलेला नसेल, तर शेवटचा यू-बोल्ट सुटताच बूमचे जड टोक खाली झेपावते आणि हलके टोक वर उसळते. या उसळीच्या कक्षेत बहुधा चढणाऱ्याचे डोके असते. म्हणून बोल्ट पूर्ण काढण्याआधी सैल करून अँटेना कोणीकडे कलते हे पाहिले जाते. दांड्या एकेक करून वरच काढायच्या असतील तर त्या मास्टच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने काढल्या जातात, अन्यथा तोल जातो. बूमला वरून धरणाऱ्या तारा आधी तोडल्यास लांब बूम स्वतःच्या वजनाने वाकू शकतो.

ॲल्युमिनियम व पोलाद यांच्या सांध्यात ओलाव्यामुळे विद्युत-रासायनिक गंज चढून ते एकजीव होतात. स्टेनलेस स्टीलच्या नटबोल्टांचे आटे कोरडे कसले असल्यास एकमेकांत रुतून बसतात. मूळ बसवणीच्या वेळी आट्यांना वंगणलेप लावलेला असता तर हा प्रसंग आला नसता. असे बोल्ट कापताना विजेवर चालणारे ग्राइंडर वापरण्याचा मोह होतो. त्याच्या ठिणग्यांनी कृत्रिम धाग्याचे दोर वितळतात, आणि ज्या दोराला अँटेना टांगली आहे व ज्याला स्वतः चढणारा बांधलेला आहे ते दोन्ही अगदी जवळ असतात. लोखंड कापायची हातकरवत हळू चालते, पण ठिणग्या उडवत नाही.

ओझे खाली सोडताना दोर हातांनी धरून सोडला जात नाही. तो झाडाच्या बुंध्याभोवती किंवा पक्क्या खांबाभोवती वेढे देऊन सोडला जातो. घर्षणाचा परिणाम प्रत्येक वेढ्याबरोबर गुणाकाराने वाढतो. घर्षणांक ०.२५ धरल्यास एका पूर्ण वेढ्याने लागणारी ताकद सुमारे पाचव्या हिश्शावर येते आणि दोन वेढ्यांनी तेविसाव्या. १०० किलोची अँटेना मग चार-पाच किलोच्या ओढीने रोखता येते. झपाट्याने सोडल्यास मात्र दोर तापून वितळतो.

वीजवाहिन्या

अँटेनाशी संबंधित मृत्यूंचे एक मोठे कारण पडणे नसून विजेच्या तारांचा स्पर्श हे आहे. अमेरिकेतील परीक्षा-पुस्तिकांतील नियम असा की अँटेना अनपेक्षितपणे कोसळली तरी तिचा कोणताही भाग वीजवाहिनीपासून १० फुटांच्या (सुमारे ३ मीटर) आत येऊ नये. म्हणजे मोजायचे अंतर उभ्या मनोऱ्यापासूनचे नसून पडलेल्या मनोऱ्याच्या टोकापासूनचे असते, आणि त्यात दांड्यांची लांबी व मोकळे लोंबणारे दोरही धरावे लागतात. ओला दोर वीज वाहू शकतो. अँटेना तारेला टेकली असेल तर दोर धरलेल्यांनी तो सोडून लांब जाणे आणि वीजपुरवठा बंद होईपर्यंत अडकलेल्या माणसाला स्पर्श न करणे, हाच उपाय असतो. अशा प्रसंगी बळींची संख्या बहुधा वाचवायला धावणाऱ्यांमुळे वाढते.

मिसुरी सिटीची दुर्घटना

अँटेना उचलण्याच्या कामातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला अपघात हौशी केंद्रावरचा नाही. ७ डिसेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टनजवळच्या मिसुरी सिटी येथे, सुमारे ६०० मीटर उंचीच्या नव्या प्रसारण मनोऱ्यावर अँटेनाचा अनेक टन वजनाचा भाग चढवला जात होता. या भागाला उचलण्यासाठी दिलेले कान तो आडवा असताना उपयोगी होते. तो उभा केला की उचलणारी तार बाजूला बसवलेल्या उपकरणांना घासणार होती. उपकरणे तात्पुरती काढण्याची परवानगी मिळाली नाही. तेव्हा पथकाने उचलण्याचा बिंदू बाहेर नेणारा एक जोडभाग बनवून बोल्टांनी बसवला. बोल्ट निवडताना ओझ्याचे वजन विचारात घेतले गेले, पण बिंदू बाहेर नेल्यामुळे निर्माण होणारे बलघूर्ण धरले गेले नाही, आणि बोल्टांवर प्रत्यक्षात अपेक्षेच्या कितीतरी पट भार आला. बोल्ट तुटले, कोसळणाऱ्या भागाने मनोऱ्याची एक ताणतार तोडली आणि संपूर्ण मनोरा कोसळला. त्यात पाच कामगारांचा मृत्यू झाला. अभियांत्रिकी नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमांत हा प्रसंग आजही शिकवला जातो. हौशी कामाशी त्याचा संबंध आकाराचा नसून प्रकाराचा आहे: ऐन वेळी दुकानातून आणलेल्या पट्टीने उचलण्याचा बिंदू चार बोटे बाजूला सरकवणे ही गोष्ट हौशी केंद्रांवर नित्य घडते.

भारतातील परिस्थिती

भारतात हौशी रेडिओचे परवाने केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाकडून दिले जातात. मोकळ्या जमिनीवर ताणतारांचे उंच मनोरे उभारण्याइतकी जागा शहरांतील थोड्याच परवानाधारकांकडे असते. त्यामुळे इमारतीच्या गच्चीवर लोखंडी नळीचा मास्ट किंवा आखूड जाळीदार मनोरा उभारण्याची रीत अधिक आहे. उंची कमी दिसत असली तरी धोका तितकाच असतो, कारण मास्ट सहा मीटरचा आणि इमारत चार मजल्यांची असते, आणि निसटलेली वस्तू गच्चीवर न पडता रस्त्यावर पडते. मास्ट हातांनी उभा करताना दोघे त्याच्याखालून चालत येतात व बाकीचे ताण धरतात. कठड्याच्या बाजूचा ताण धरणाऱ्याला मागे सरकायला जागा नसते, ही बाब काम सुरू झाल्यावर लक्षात येते. गच्चीवरील पाण्याची टाकी, डिशअँटेनांचे पाइप आणि पॅरापेटची भिंत यांना ताण बांधले जातात. यांपैकी कोणतीही गोष्ट बाजूचा ओढा सहन करण्यासाठी बांधलेली नसते. जुन्या वस्त्यांत वितरणाच्या उघड्या तारा इमारतींच्या अगदी लगत जातात, तेथे वर दिलेले अंतर पाळणे शक्यच नसते आणि तारेची अँटेना हाच पर्याय राहतो.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने जस्ताचा मुलामा लवकर जातो, आणि ॲल्युमिनियमचे सांधेही देशावरच्यापेक्षा लवकर रुततात. किनारी भागात ताणतारा व क्लिपा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासल्या जातात. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळासारख्या प्रसंगी अंदाज मिळाल्यापासून हाती एक-दोन दिवस असतात. एवढ्या वेळात मोठी यागी उतरवायची असेल तर दोर, कप्प्या व माणसे आधीच तयार असावी लागतात. वारा सुटल्यावर मात्र मनोऱ्यावर कोणी चढत नाही आणि अँटेना आहे तेथेच सोडून दिली जाते.